रक्त तयार करणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत कशा वाढवतात? पुण्यातल्या या संशोधनाचा सोलापूरच्या रुग्णाशी काय संबंध?

निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला २० लाखांहून जास्त तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. दिवसाचा हिशोब केला तर हा आकडा २० हजार कोटींच्या घरात जातो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि प्लेटलेट आठ-दहा दिवस टिकते. काही पांढऱ्या पेशींचं रक्तातलं आयुष्य तर एखाद्या दिवसाचंच असतं. त्यामुळे हा कारखाना आयुष्यभर, एकही सुट्टी न घेता चालवावा लागतो.

कारखाना बंद पडला की काय होतं, हे अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णाच्या घरच्यांना विचारावं. हिमोग्लोबिन घसरतं, साध्या तापाचं रूपांतर गंभीर संसर्गात होतं, हिरड्यांतून रक्त येऊ लागतं. सोलापूर, धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गी भागातले असे अनेक रुग्ण आधी सोलापुरात येतात. इथे निदान होतं, रक्त चढवलं जातं. पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विषय निघाला की पुणे, मुंबई किंवा हैदराबादची वाट धरावी लागते.

या ट्रान्सप्लांटमागे एक कमी बोललं जाणारं विज्ञान आहे. निरोगी माणसाच्या मज्जेतून किंवा रक्तातून रक्त बनवणाऱ्या पेशी बाहेर काढायच्या, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डिशमध्ये जगवायच्या आणि त्यांच्यात नेमकी किती ताकद आहे ते मोजायचं, असं हे काम. महाराष्ट्रात ते अनेक वर्षं चाललेलं आहे. ते कसं चालतं आणि त्यातून रुग्णांना काय मिळालं, ते समजून घेऊ.

रक्त बनवणारी पेशी म्हणजे नेमकी कोणती?

हाडांच्या आत मऊ, स्पंजसारखा भाग असतो. त्याला अस्थिमज्जा किंवा बोन मॅरो म्हणतात. प्रौढ माणसात कमरेचं हाड, छातीचं हाड, बरगड्या आणि मणके इथली मज्जा रक्त बनवण्याचं मुख्य काम करते.

या मज्जेत रक्ताच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल असतात. त्यांचे दोन गुण महत्त्वाचे. पहिला, स्वतःसारखी दुसरी मूळ पेशी तयार करणं. दुसरा, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांपैकी काहीही बनू शकणारी पिढी जन्माला घालणं.

मूळ पेशी आणि तयार रक्तपेशी यांच्यामध्ये अनेक पायऱ्या असतात. मधल्या पायरीवरच्या पेशींना पूर्वज पेशी म्हणतात. त्यांचं पुढचं काम बरंचसं ठरलेलं असतं. काही फक्त तांबड्या पेशी बनवतात, काही फक्त विशिष्ट पांढऱ्या पेशी.

अडचण अशी की सूक्ष्मदर्शकाखाली मूळ पेशी ओळखता येत नाही. ती इतर लहान, गोल पांढऱ्या पेशींसारखीच दिसते. १९८४ मध्ये अशा पेशींच्या पृष्ठभागावर सीडी३४ नावाची खूण सापडल्याचं अमेरिकेतील संशोधकांनी जाहीर केलं. त्यानंतर त्यांना वेगळं काढणं सोपं झालं. तरी सीडी३४ असलेली प्रत्येक पेशी खरी मूळ पेशी नसते. त्यांतल्या बहुतेक पूर्वज पेशीच असतात. म्हणून पेशीकडे बघून भागत नाही, तिला वाढवून बघावं लागतं.

वाढवून बघायचं म्हणजे काय?

पेरणीआधी शेतकरी बियाण्याची उगवणक्षमता तपासतो. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचे. दाणा वरून कितीही टपोरा दिसला तरी तो उगवणार की नाही, हे गोणपाट उघडल्यावरच कळतं.

रक्तपेशींची 'कॉलनी चाचणी' याच तत्त्वावर चालते. पेशी पातळ थरात पसरून पेरायच्या आणि दोन आठवड्यांनी किती ठिकाणी पेशींचा पुंजका तयार झाला ते मोजायचं. या पुंजक्याला कॉलनी किंवा वसाहत म्हणतात. एक वसाहत सहसा एकाच पूर्वज पेशीपासून वाढलेली असते. म्हणजे वसाहती मोजल्या की सुरुवातीला किती पूर्वज पेशी जिवंत आणि कामाच्या होत्या, याचा अंदाज येतो.

ही पद्धत आली कुठून?

१९६१ मध्ये कॅनडातील टोरांटो इथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलक या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले. किरणोत्सर्गाने ज्यांची मज्जा निकामी केली होती अशा उंदरांना त्यांनी निरोगी मज्जेच्या पेशी टोचल्या. काही दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर गाठी दिसल्या. त्या गाठींमध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या रक्तपेशी होत्या. एकच पेशी अनेक प्रकारचं रक्त बनवू शकते, याचा हा पहिला ठोस पुरावा ठरला.

त्यानंतर इस्रायलमध्ये प्लुझनिक आणि साक्स यांनी १९६५ मध्ये, तर ऑस्ट्रेलियात ब्रॅडली आणि मेटकाफ यांनी १९६६ मध्ये उंदराच्या पेशी शरीराबाहेर, घट्टसर जेलीसारख्या माध्यमात वाढवून दाखवल्या. १९७० च्या सुमारास मानवी मज्जेच्या पेशींवरही ही पद्धत लागू झाली.

पेशींना वाढायला नुसतं अन्न पुरत नाही, 'आता वाढ' असा रासायनिक निरोपही लागतो, हे याच प्रयोगांतून स्पष्ट झालं. असे निरोप देणाऱ्या प्रथिनांना सायटोकाइन किंवा वाढघटक म्हणतात. तांबड्या पेशींना निरोप देणारं एरिथ्रोपॉएटिन १९७७ मध्ये शुद्ध स्वरूपात मिळालं. त्यासाठी जपानमधल्या अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांचं तब्बल २,५५० लिटर मूत्र गोळा करावं लागलं होतं. १९८५ मध्ये त्याचा जनुक हाती आला आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजुरी मिळाली. आज डायलिसिसवर असलेल्या अनेक रुग्णांना रक्त वाढण्यासाठी जे इंजेक्शन मिळतं, ते हेच.

प्रयोगशाळेत पायरी-पायरीने काय होतं?

*१. नमुना मिळवणं.* निरोगी पेशींचे मुख्य स्रोत तीन. ट्रान्सप्लांटसाठी मज्जा देणाऱ्या दात्याने संमती दिल्यास त्यातला लहानसा भाग, दात्याचं रक्त आणि बाळंतपणानंतर एरवी टाकून दिली जाणारी नाळ. सांधेरोपणात काढून टाकलेल्या हाडातूनही मज्जा मिळू शकते. प्रत्येक ठिकाणी माणसाची लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते.

*२. थर वेगळे करणं.* नमुना गोठू नये म्हणून त्यात हेपरिनसारखं द्रव्य घालतात. मग तो पातळ करून फायकॉल नावाच्या जड द्रवावर अलगद ओततात आणि सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवतात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात. मध्ये एक पांढुरकी कडी दिसते. मूळ आणि पूर्वज पेशी याच कडीत असतात. ती कडी पिपेटने उचलून धुतली जाते.

*३. निवड.* आणखी नेमकेपणा हवा असेल तर सीडी३४ला चिकटणारे सूक्ष्म चुंबकीय मणी मिसळतात आणि मिश्रण चुंबकाजवळून सोडतात. हव्या त्या पेशी अडकतात, बाकीच्या वाहून जातात. निरोगी मज्जेच्या या थरात अशा पेशी साधारण १ ते ३ टक्के असतात. हातातून काढलेल्या रक्तात त्यांचं प्रमाण त्याहून कितीतरी कमी, ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली असतं.

*४. पेरणी.* पेशी मिथाइलसेल्युलोज नावाच्या चिकट माध्यमात मिसळतात. चिकटपणामुळे पेशी इकडेतिकडे वाहत नाहीत आणि प्रत्येकीची वसाहत जागच्या जागी वाढते. माध्यमात पोषक द्रव्यं आणि वाढघटक घातलेले असतात.

*५. वाट पाहणं.* डिश ३७ अंश सेल्सिअस तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर दमटपणा असलेल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. शेजारी पाण्याची उघडी डिश ठेवण्याची पद्धत आहे, कारण माध्यम सुकलं तर मेहनत वाया जाते. एखादा जंतू शिरला तरी तेच.

*६. मोजणी.* साधारण १४ दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली वसाहती मोजतात. तांबड्या पेशींच्या वसाहती हिमोग्लोबिनमुळे लालसर दिसतात, त्यांना वेगळा रंग द्यावा लागत नाही. पांढऱ्या पेशींच्या वसाहती विखुरलेल्या आणि रंगहीन असतात. क्वचित एखाद्या वसाहतीत सगळेच प्रकार सापडतात. ती बरीच मूळ अवस्थेतल्या पेशीपासून आलेली असते.

अधिक मुळाकडच्या पेशी तपासायच्या तर १४ दिवस पुरत नाहीत. ब्रिटनमधील मायकेल डेक्स्टर यांच्या गटाने १९७७ मध्ये मज्जेतल्या आधार देणाऱ्या पेशींचा थर आधी वाढवून त्यावर रक्तपेशी महिनोन्‌महिने जगवण्याची पद्धत दाखवली. बियाण्याबरोबर जमीनही हवी, असा त्याचा अर्थ. आजच्या दीर्घकालीन कल्चर चाचण्या याच कल्पनेवर उभ्या आहेत.

नमुना निरोगी माणसाचाच का हवा?

नॉर्मल काय ते माहीत असल्याशिवाय बिघाड ओळखता येत नाही. निरोगी मज्जेत किती वसाहती येतात आणि त्या कोणत्या निरोपाला कसा प्रतिसाद देतात, हे ठाऊक असलं की आजाराचं चित्र स्पष्ट होतं.

पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात तांबड्या पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. निरोगी माणसाच्या पेशी एरिथ्रोपॉएटिन घातल्याशिवाय लाल वसाहती बनवत नाहीत. या रुग्णांच्या पेशी मात्र ते न घालताही बनवतात, असं १९७४ मध्ये कॅनडातील संशोधकांनी दाखवलं. म्हणजे या पेशी निरोपाची वाटच पाहत नव्हत्या. निरोगी नमुना शेजारी नसता तर हा फरक लक्षात आला नसता. उलट अप्लास्टिक ॲनिमियात वसाहती फारच कमी येतात, कारण पेरायला बियाणंच उरलेलं नसतं.

महाराष्ट्रात हे काम कुठे झालं?

भारतातला पहिला यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली झाल्याची नोंद आहे. रुग्ण होती रक्ताचा कर्करोग झालेली एक लहान मुलगी. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर काम करते.

पेशी वाढवण्याच्या तंत्रासाठी मात्र पुण्याचं नाव घ्यावं लागतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. १९८० च्या दशकात प्राणी ऊती आणि पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून त्याची सुरुवात झाली. देशभरातल्या संशोधकांना पेशी पुरवणारी पेढी हे त्याचं मूळ काम होतं आणि ते आजही चालतं.

याच केंद्रात डॉ. ललिता लिमये आणि डॉ. वैजयंती काळे यांनी रक्ताच्या मूळ पेशींवर दीर्घकाळ संशोधन केलं. त्यातल्या तीन गोष्टी सामान्य वाचकाने समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली, गोठवण्याची पद्धत. ट्रान्सप्लांटसाठी घेतलेल्या पेशी अनेकदा द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशाला साठवाव्या लागतात. गोठताना आणि वितळताना बऱ्याच पेशी मरतात किंवा दुबळ्या होतात. पुण्यातल्या गटाने गोठवण्याच्या नेहमीच्या द्रावणात पेशींचं आवरण सांभाळणारी आणि ऑक्सिडेशनची हानी कमी करणारी द्रव्यं घालून पाहिली. ट्रेहॅलोज ही साखर आणि कॅटालेज हे विकर त्यांत होतं. वितळवल्यानंतर किती पेशी जिवंत आहेत एवढंच न पाहता त्या किती वसाहती बनवतात हे तपासलं गेलं. नेहमीच्या द्रावणापेक्षा या मिश्रणात पेशींची क्षमता अधिक टिकल्याचं दिसलं.

दुसरी, निरोपाच्या मात्रेची. टीजीएफ-बीटा-१ हे प्रथिन रक्तपेशींची वाढ रोखतं, असा समज रूढ होता. डॉ. काळे यांच्या प्रयोगांत अगदी कमी मात्रेत तेच प्रथिन वाढीला चालना देतं आणि जास्त मात्रेत रोखतं, असं आढळलं. स्वयंपाकात मीठ तेच असतं, फरक चिमटीचा असतो. पेशींच्या माध्यमातही असंच आहे.

तिसरी, प्लेटलेटची. नाळेतल्या रक्तातून घेतलेल्या सीडी३४ पेशींच्या माध्यमात डीएचए आणि एए ही दोन मेदाम्लं मिसळली, तर प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी अधिक संख्येने तयार होतात, असं या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. ट्रान्सप्लांटनंतर रुग्णाच्या प्लेटलेट वाढायला सर्वाधिक वेळ लागतो. त्या काळात प्लेटलेटची पिशवी मिळवण्यासाठी नातेवाइकांची किती धावपळ होते, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको.

रुग्णाला याचा थेट उपयोग काय?

सगळ्यात थेट उपयोग म्हणजे दर्जाची तपासणी. गोठवलेली मज्जा किंवा नाळेचं रक्त रुग्णाला देण्याआधी 'यातल्या पेशी उगवतील का?' याचं उत्तर कॉलनी चाचणी देते. ट्रान्सप्लांटआधी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी नष्ट केलेली असते. अशा वेळी चढवलेल्या पेशी रुजल्या नाहीत तर परतीचा रस्ता फार अवघड असतो. म्हणून ही तपासणी कागदोपत्री सोपस्कार नाही.

दुसरा उपयोग औषधांचा. पांढऱ्या पेशी वाढवणारं जी-सीएसएफ अशाच कल्चरमधून शोधलं गेलं. केमोथेरपीनंतर पेशी घसरल्या की दिलं जाणारं हे इंजेक्शन आज सोलापुरातही सहज वापरात आहे. स्टेम सेल दात्यालाही हेच चार-पाच दिवस देतात. त्यामुळे मूळ पेशी मज्जेतून रक्तात उतरतात आणि हाडात सुई न घालता, यंत्राद्वारे हातातल्या शिरेतून गोळा करता येतात.

तिसरा, पेशींची संख्या वाढवणं. नाळेतल्या रक्तात पेशी मोजक्याच असतात, मोठ्या माणसाला त्या कमी पडतात. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत ओमिडुबिसेल या उपचाराला मंजुरी मिळाली. त्यात नाळेतल्या पेशी ब जीवनसत्त्वाच्या कुळातल्या निकोटिनामाइडच्या मदतीने वाढवून मग रुग्णाला देतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमियासाठी रुग्णाच्याच सीडी३४ पेशींमध्ये जनुकीय दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. या दोन्ही उपचारांत पेशी काही काळ शरीराबाहेर जगवाव्या लागतात.

मग रक्तदानाची गरज संपणार का?

इतक्यात तरी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या तांबड्या पेशी पहिल्यांदा दुसऱ्या माणसाला देण्यात आल्याचं जाहीर झालं. दात्याच्या रक्तातल्या सुमारे ५ लाख मूळ पेशींपासून तीन आठवड्यांत ५ हजार कोटी तांबड्या पेशी तयार झाल्या. गाळून झाल्यावर त्यातल्या सुमारे दीड हजार कोटी वापरण्याजोग्या उरल्या. आकडा मोठा वाटतो. पण रक्तपेढीतल्या एका पिशवीत साधारण २ लाख कोटी तांबड्या पेशी असतात. म्हणजे एवढा खटाटोप करून पिशवीचा शंभरावा हिस्साही भरत नाही. प्रयोगात स्वयंसेवकांना दिलेली मात्रा चमचा-दोन चमचे एवढीच होती.

हे रक्त आधी उपयोगी पडेल ते दुर्मीळ रक्तगटाच्या लोकांना. 'बॉम्बे' रक्तगट हे त्याचं जवळचं उदाहरण. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत तो शोधला. या गटाच्या व्यक्तीला 'ओ' गटाचं रक्तही चालत नाही.

सगळ्यात मोठा अडसर अजून कायम आहे. डिशमध्ये मूळ पेशी वाढायला लागली की ती पुढच्या पायऱ्या चढून तयार रक्तपेशी बनते आणि तिचं 'मूळ'पण हरवतं. खऱ्या मूळ पेशी त्याच अवस्थेत हव्या तेवढ्या वाढवणं, हे उद्दिष्ट जगभर चाललेल्या प्रयत्नांनंतरही अर्धवटच गाठलं गेलंय.

जाहिरातींपासून सावध का राहायचं?

'स्टेम सेल' या शब्दाभोवती मोठा बाजार उभा राहिला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्य उपचार म्हणून स्टेम सेलचा वापर रक्ताच्या मूळ पेशींच्या ट्रान्सप्लांटपुरताच आहे. रक्ताचे, रोगप्रतिकारशक्तीचे आणि काही चयापचयाचे ठराविक आजार त्यात येतात. मधुमेह, ऑटिझम, पक्षाघात यांसाठीचे स्टेम सेल प्रयोग संशोधनाच्या कक्षेत येतात आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

नाळेचं रक्त खासगी पेढीत पैसे भरून ठेवण्याबाबतही हीच तत्त्वं स्पष्ट आहेत. बाळाच्या स्वतःच्या भविष्यातल्या वापरासाठी ते साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. कारण समजायला सोपं आहे. बाळाला थॅलेसेमिया असेल तर तोच दोष त्याच्या नाळेतल्या पेशींतही असतो. घरात आधीच एखादं मूल अशा आजाराने त्रस्त असेल आणि भावंडाची नाळ त्याला उपयोगी पडणार असेल, तर गोष्ट वेगळी. तो निर्णय रक्तविकारतज्ज्ञाशी बोलून घ्यावा.

सामान्य माणसाने काय करावं?

सख्ख्या भावाची किंवा बहिणीची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. घरात जुळणी झाली नाही की अनोळखी दात्याची नोंदणी शोधावी लागते. दात्री यांसारख्या संस्थांकडे नाव नोंदवताना गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, सुई टोचावी लागत नाही. जुळणी मात्र वंशपरंपरेवर अवलंबून असल्याने आपल्या भागातल्या रुग्णाला आपल्याच भागातला दाता जुळण्याची शक्यता अधिक. सोलापुरातून नोंदवलेलं एक नाव म्हणूनच महत्त्वाचं ठरतं.

आणि ट्रान्सप्लांटचा सल्ला मिळाला तर डॉक्टरांना हे तीन प्रश्न जरूर विचारा: पेशी कुठून घेणार, गोठवणार असाल तर वितळवल्यानंतर त्यांची तपासणी कशी करणार आणि हा मान्य उपचार आहे की संशोधन? यांची उत्तरं समजेल अशा भाषेत मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.